लाल सपाता, निळ्या सपाता

होजांचा वर्ग माझ्यामुळे बंद पडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे जे लिहिणार आहे त्यात मी एखादा गुणी विद्यार्थी वाटायला लागेन. तसं वाटू देण्यात मी आधीच बराच काळ घालवला आहे.

वर्ग तुर्की भाषेचा होता. गाव पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज, दिवस ऐंशीच्या दशकाच्या मधले. मी कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करत होतो. तुर्की शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, एकटे राहणारे, भुवया इतक्या दाट की त्यावर बर्फ साठून राहायचा. त्यांना सगळे 'होजाम' म्हणत. होजा म्हणजे गुरुजी आणि शेवटचा 'म' म्हणजे 'माझे'. तेवढा एक 'म' लावला की परका माणूस आपला होतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी तिथेच अडकलो.

खरं तर मला तुर्की शिकायचंच नव्हतं. माझ्या गाइडना लांबलचक शब्दांचे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम हवा होता. इंग्रजी शब्द त्या कामाला फारच सरळ. ते म्हणाले, "तुर्की बघ. एका शब्दात अख्खं वाक्य मावतं. तो वर्ग आहे, मागे जाऊन बस, ऐक." तेव्हा मी नाव न नोंदवता, नुसता ऐकायला म्हणून गेलो.

होजा वर्गात आले ते कपडे धुवायला न्यायची भलीमोठी पिशवी खांद्यावर टाकून. पुस्तक नाही, खडू नाही. पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली आणि त्यातून सपातांचा ढीग पडला. जुन्या ब्लँकेटच्या, त्यांनी स्वतः शिवलेल्या. काही लाल, काही निळ्या.

"बूट काढा," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. पण पहिल्या बाकावरच्या रूथबाईंनी लगेच वाकून नाड्या सोडायला घेतल्या. रूथबाई निवृत्त नर्स. त्यांच्या मुलाने तुर्की मुलीशी लग्न केलं होतं आणि त्यांना सुनेच्या आईशी, दुभाष्याशिवाय, नातवाबद्दल भांडायचं होतं. वर्गात शिकण्याचं इतकं भक्कम कारण दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

होजांनी वनशास्त्र शिकणाऱ्या ग्रेग नावाच्या उंच मुलाला दाराशी उभं केलं. "तू 'ओदा'. ओदा म्हणजे खोली. तुझा शेवटचा स्वर आ, घशाच्या मागच्या बाजूचा. निळ्या घाल." मग एकेकाला त्याच्यामागे रांगेत उभं केलं. "तू अनेकवचन. पुढचा माणूस कोणत्या सपाता घालून उभा आहे बघ. निळ्या? मग तूही निळ्या. तू 'लार'. पुढे 'एव्' म्हणजे घर उभं असतं, तर त्याचा ए तोंडाच्या पुढच्या बाजूचा म्हणून त्याने लाल घातल्या असत्या, आणि तू 'लेर' झाली असतीस. ओदालार, खोल्या. एव्लेर, घरं. प्रत्यय तोच, माणूस तोच, सपाता वेगळ्या."

मग त्यांनी ते वाक्य टाकलं, जे पुढे आम्ही प्रत्येक तासाला ऐकलं. "पुढचा स्वर घराचा यजमान. यजमानाच्या घरात जी रीत, ती पाहुण्याने पाळायची. इतकंच तुर्की व्याकरण. बाकी सगळे तपशील."

तपशील मात्र असे, की मी त्या रात्री झोपलो नाही! 'आमच्या' साठी एक तुकडा, 'मध्ये' साठी एक, आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बघून आपला स्वर बदलणार. ओदालारिमिझ्दा, आमच्या खोल्यांमध्ये. सगळी रांग निळी. पुढे 'मधला' या अर्थाचा 'की' आला आणि तिथे होजांनी रूथबाईंना उभं केलं. "तुम्ही 'की'. तुम्ही कुणाचं ऐकत नाही. पुढे काहीही असो, तुमच्या सपाता लाल."

"हे मला जमेल," रूथबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्यामागे जो येईल तो पुढच्या निळ्यांकडे बघणार नाही. तो तुमच्याकडे बघेल." शेवटी होजा स्वतः लाल सपाता घालून त्यांच्यामागे उभे राहिले आणि पुन्हा एकदा अनेकवचन झाले. "लेर!" ते ओरडले. ओदालारिमिझ्दाकिलेर. आमच्या खोल्यांमधले लोक. एक अख्खा शब्द वर्गाच्या दारापासून खिडकीपर्यंत सपाता घालून उभा होता, आणि मधली एक हट्टी बाई मागच्याचा रंग बदलत होती.

तेव्हा एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला की अरे, हे तर आपणही करतो. खोली, खोल्या, खोल्यांमध्ये, खोल्यांमधले, खोल्यांमधल्यांनासुद्धा! आयुष्यभर बोलत आलो आणि कधी मागे वळून ही रांग बघितली नाही. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्द स्वतःच जरा कंबर वाकवतो, 'घर' चं 'घरा' होतं, मग 'त' येऊन बसतो. मी हे होजांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला फळ्यापाशी ओढत नेलं आणि अर्धा तास माझ्याकडून मराठी नामं चालवून घेतली. 'मूल' चा ऊ 'मुलाला' मध्ये ऱ्हस्व होतो म्हटल्यावर त्यांनी टाळी वाजवली, जणू मीच तो ऱ्हस्व केला होता.

त्यांना माणसांच्या नावांचेही स्वर दिसायचे. कुणी ओळख करून दिली की नाव ओठांत घोळवून म्हणायचे, "तुम्ही पूर्ण लाल," किंवा "तुमच्यात मिश्रण आहे, आजोबा बाहेरून आले का?" बसच्या ड्रायव्हरपासून डीनपर्यंत कुणाला सोडलं नाही. खिशात एक छोटा आरसा असायचा. 'ऊ' म्हणायला ओठ गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायची, हा त्यांचा आवडता स्वर. तो जमतो का हे बघायला आरसा कुणाच्याही तोंडापुढे धरत. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत त्यांनी तो काउंटरवरच्या मुलीपुढे धरला. तिने घाबरून मॅनेजरला बोलावलं. दहा मिनिटांनी मॅनेजरही ओठ गोल करून उभा होता.

मला ते 'एव्लादम' म्हणायचे, 'माझ्या लेकरा'. हा आपल्याकडचा 'औलाद', हे कळल्यावर मी सांगितलं की आमच्याकडे हा शब्द बहुतेक वेळा शिवी देतानाच वापरतात. ते म्हणाले, "मग तुझ्यासाठी दोन्ही अर्थ धरू."

असे ओळखीचे शब्द सापडले की मी वेडा व्हायचो. दुन्या, हवा, साबून, मेय्दान. आणि एके दिवशी किताब! तुर्कीत तो 'किताप' होतो, कारण शब्दाच्या शेवटी ब टिकत नाही, कडक होऊन प होतो. पण मागे स्वराचा प्रत्यय लागला की 'किताबी'. म्हणजे तो ब गेलेला नव्हताच! जबाबचंही तेच, 'जेवाप', आणि प्रत्यय लागला की 'जेवाबी'.

"होजाम, ब आत लपून बसला होता!" मी वर्गात उभा राहून ओरडलो.

"एकटा असला की कडक," होजा म्हणाले. "शेजारी कुणी येऊन बसलं की मऊ. माझंही तसंच आहे."

"मग 'आत', म्हणजे घोडा, तो का मऊ होत नाही? त्याचा त तसाच राहतो."

"एकाच स्वराचा शब्द. एवढ्याशा घरात विरघळायला जागा कुठे आहे?"

माझा रूममेट विन्या नागपूरचा, केमिकल इंजिनिअरिंगवाला. मी जेवताना त्याला रोज एकेक प्रत्यय वाढायचो. "अबे," तो म्हणायचा, "तू अमेरिकेत तुर्की शिकायला आला का? घरी काय सांगशील? लेर-लार करतो म्हणून?" पण वरणाला फोडणी देताना मी त्याला एकदा 'लेर' की 'लार' असं स्वतःशीच पुटपुटताना ऐकलं आहे.

प्रोग्रॅम चालायला लागला तो दिवस मी विसरणार नाही. मी होजांना टर्मिनल रूममध्ये बोलावलं. ते आले आणि दाराबाहेर बूट काढून नुसत्या मोज्यांवर आत आले. डेस्कवर बसलेल्या मुलाने विचारलं, "सर, आग-बिग लागली आहे का?"

"दुसऱ्याच्या घरी आलोय," होजा म्हणाले.

त्या टर्मिनलवर तुर्की अक्षरं नव्हती, त्यामुळे बिंदू नसलेल्या तुर्की 'i' साठी मी कॅपिटल 'I' वापरला होता. मी ओदालारिमिझ्दाकिलेर टाइप केलं. पडद्यावर ते सहा तुकड्यांत, मध्ये अधिकचिन्हं घालून, बरोबर सुटलं. आमच्या हट्टी रूथबाईंसकट! मी उड्या मारायच्या बेतात होतो. होजा मात्र शांतपणे खुर्चीत बसले, एका बोटाने टाइप करायला लागले, आणि मशिनला 'साअत', म्हणजे घड्याळ, याचं अनेकवचन विचारलं. मशिनने 'साअतलार' दिलं.

"चुकला!" होजा आनंदाने ओरडले. "साअतलेर! हा शब्द बाहेरून आला, त्याने स्वतःच्या सपाता सोबत आणल्या. शाब्बास. चुकतोय म्हणजे शिकेल." आणि त्यांनी त्या मॉनिटरच्या डोक्यावर हात ठेवला.

हे सगळं पहिल्या सेमिस्टरचं. जानेवारीत बर्फ पडत असताना एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सपाता पिशवीत भरता भरता, माझ्याकडे न बघता मागितलं.

"डिपार्टमेंट म्हणतं, रजिस्टर केलेले पाच विद्यार्थी पाहिजेत. नुसते ऐकायला बसलेले धरत नाहीत. ड्रॉपच्या, म्हणजे नाव काढून घ्यायच्या, मुदतीपर्यंत पाच राहिले तर वर्ग चालेल, नाहीतर बंद. माझी नेमणूकही तेवढ्या वर्गापुरतीच आहे." रूथबाई, ग्रेग आणि इतिहासाचे दोघे, असे चारच होते. "तू पाचवा होशील का?"

"म्हणजे काय, होजाम! आजच करतो."

"आणि राहशील?"

"राहीन. शब्द देतो."

मी खरोखर त्याच दुपारी नाव नोंदवलं. मग दुसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. नियम मला सगळे पाठ होते, प्रोग्रॅमच माझा होता. पण होजांनी कागद बघितलाच नाही. आरसा पुढे धरला आणि बोलायला लावलं. मी प्रत्येक स्वरापाशी थांबून विचार करत होतो. "तुझ्या डोक्यात तुर्की आहे, तोंडात नाही," ते म्हणाले आणि सी मायनस दिला. ग्रेगला बी प्लस. त्यांचा आवडता असण्याचा मला काडीचाही फायदा झाला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

तेव्हा मात्र पायाखालची जमीन सरकली. आमची असिस्टंटशिप टिकायला बी ॲव्हरेज लागायची. आम्ही देशी पोरं जीपीए असा जपायचो, की विन्या आणि मी एकमेकांना नाव विचारायच्या आधी ग्रेड विचारली होती. सबंध आयुष्यात मला सी कधी मिळाला नव्हता. पुढे प्रॅक्टिस करून सुधारेल, हे मनाला पटत नव्हतं.

विन्या म्हणाला, "ड्रॉप कर ना यार. काय प्रॉब्लेम आहे?"

"वर्ग बंद पडेल."

"दुसरा कोणीतरी येईल. नाही आला तर युनिव्हर्सिटी बघेल. तू कशाला टेन्शन घेतो?"

दुसरा कुणीतरी येईल. एवढं एक वाक्य मला पुरलं. मुदतीच्या शुक्रवारी मी रजिस्ट्रारच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. खिडकीमागच्या बाईंनी "शुअर ना, हनी?" असं विचारलं. मी हो म्हटलं. होजांना सांगून मग ड्रॉप करावं, एवढंही मला सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. सांगितलं असतं तर त्यांच्यासमोर ड्रॉप करण्याची हिंमत झाली नसती, म्हणून नाही सांगितलं.

सोमवारी आम्ही वर्गात गेलो तेव्हा होजा टेबलापाशी उभे होते. पिशवी बांधलेलीच. "चारच राहिले," ते म्हणाले. "कुणीतरी गेलं. वर्ग रद्द." मग त्यांनी आमच्याकडे एक नजर फिरवली. ग्रेग फ्लूने आजारी होता, त्या दिवशी आलेला नव्हता. त्याची खुर्ची रिकामी होती. होजांनी त्या खुर्चीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "त्याला कुणी काही बोलू नका. लाजाळू मुलगा आहे. त्याचं काही कारण असेल."

तोंड उघडायची वेळ तीच होती. मी बूट काढत होतो. पुन्हा घातले.

ऑफिसच्या यादीत नावं होती. होजांनी विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण कोण गेलं हे विचारणं त्यांना चहाडी करायला लावण्यासारखं वाटे. त्यांनी खोलीची किल्ली परत केली आणि आम्हाला सांगितलं, "रविवारी माझ्या स्वयंपाकघरात या. व्याकरणाला युनिव्हर्सिटी लागत नाही."

आणि आम्ही गेलो. मीसुद्धा! कुठल्या तोंडाने गेलो ते माहीत नाही, पण गेलो, आणि सांगायला लाज वाटते की मजाही आली. ग्रेड नव्हती, त्यामुळे माझं तोंड सैल सुटलं. वसंत येईपर्यंत तो ऊ-ई चा स्वर मला झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचा. रूथबाईंनी तिथून, होजांच्या फोनवरून, इझमीरला सुनेच्या आईशी पहिलं भांडण केलं. नातवाला टोपी घालावी की नाही यावरून. होजा शेजारी उभे राहून बोटांनी लाल-निळं दाखवत होते. फोन ठेवल्यावर रूथबाई घामाघूम झाल्या होत्या. "तिला सगळं कळलं!" त्या म्हणाल्या. "तिने मला उलटून उत्तर दिलं!"

ग्रेगही यायचा. पहिल्या रविवारी तो आला तेव्हा होजांनी दारात त्याचे दोन्ही हात धरले. "आलास. बरं केलंस," म्हणाले. ते चीज घातलेले बोरेक भाजायचे, आपल्या खारीसारख्या पापुद्र्यांचे. ग्रेगच्या ताटात नेहमी एक जास्त पडायचा. त्याचं काही चुकलं तर आवाज मवाळ व्हायचा. आम्हाला आरसा, त्याला शाबासकी. ग्रेग बिचारा खूश. माझ्या लक्षात आलं होतं की होजा त्याला दर रविवारी नव्याने माफ करतायत. मी माझ्या ताटातला एकच बोरेक खात ते बघत राहायचो.

एका सोमवारी मी त्या बिल्डिंगवरून जात होतो. वर्गाची जुनी वेळ. खालच्या लॉबीतल्या बाकावर होजा बसले होते, कोट-टाय घालून, पिशवी मांडीवर. वर जायला वर्ग नव्हता. मला बघून हात हलवला. "इथे ऊब चांगली असते," म्हणाले. पुढच्या सोमवारीही ते तिथेच होते. मग मी रस्ता बदलला.

दीडेक वर्षाने ग्रेगला अलास्कातल्या जंगलात नोकरी लागली आणि मला सनीव्हेलला. होजांनी दोघांना शेवटचं जेवायला बोलावलं. निरोप घेताना त्यांनी ग्रेगला मिठी मारली. "ते जुनं मनात ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी केव्हाच विसरलो."

"काय जुनं?" ग्रेगने माझ्याकडे बघत विचारलं. होजांनी नुसता हात हलवला. ग्रेग खांदे उडवून खाली पिकअपमध्ये सामान बांधायला गेला.

होजा चहाचे ग्लास गोळा करत होते. "चांगला मुलगा," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत मी एकदाही बोलून दाखवलं नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता. वर्ग गेला, नेमणूक गेली, आणि त्या बदल्यात एवढी एक चांगली गोष्ट आपल्या हातून झाली असं त्यांना वाटत होतं. आणि तीही माझ्यामुळे खोटी होती.

"होजाम," मी म्हणालो, "ग्रेगने वर्ग सोडला नव्हता. मी सोडला."

त्यांनी ग्लास खाली ठेवले. "तू?"

"सी मिळेल म्हणून."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता वर्गाचं काढतील, सोमवारच्या बाकाचं काढतील. पण ते म्हणाले, "म्हणजे त्या मुलाने काही केलेलंच नव्हतं? आणि मी त्याला अपराधी धरून जेवू घालत होतो?"

"त्याला कळलंसुद्धा नाही."

"मला तर कळलं ना आता." ते उठले. "चल. आधी त्याच्याकडे."

खाली ग्रेग दोरीची गाठ मारत होता. होजा मागे हात बांधून बाजूला उभे राहिले. मी गाडीला टेकलो नाही, खिशात हात घातले नाहीत.

"ग्रेग, होजांचा वर्ग बंद पडला तो मी नाव काढलं म्हणून. होजांना वाटलं तू काढलंस. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ कर."

ग्रेगने माझ्याकडे बघितलं, मग होजांकडे. "म्हणजे तो जास्तीचा बोरेक...? मला वाटलं मी बारीक दिसतो म्हणून." आणि त्याने माझ्या खांद्यावर एक जोरात थाप मारली. लागली. लागायलाच हवी होती.

मग मी होजांकडे वळलो. त्यांच्या भुवया खाली आल्या होत्या, डोळे दिसत नव्हते. मी ते तुर्कीत म्हणालो, कारण त्यांनीच मला ती भाषा तोंडात दिली होती, आणि या वेळी एकाही स्वरापाशी थांबलो नाही.

"होजाम, मी तुम्हाला शब्द दिला होता आणि तो मोडला. मी भ्यालो, आणि नंतर त्याहून जास्त भ्यालो. तुमचा वर्ग मी बंद पाडला. मला माफ करा."